हात लावू न देणारं पोट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर इतके गतिरोधक कशाला, पेशंटचे हाल होतात, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे. मी साताऱ्यात २९ वर्षं रिक्षा चालवतो. तिसरी रिक्षा आहे ही, आणि तिन्ही रिक्षांचे शॉकअप ह्या रस्त्यांनीच खाल्ले. त्यामुळे गतिरोधकांवर माझ्याइतकं कुणी चडफडलं नसेल. पण ह्या गतिरोधकांनीच मला पोटदुखीबद्दल एक गोष्ट शिकवली. ती सांगायची राहून जाते म्हणून हा कागद.

रिक्षावाल्याला मागचं सगळं आरशात दिसतं. पेशंट कसा बसलाय, कुठं हात धरलाय, कुणाचं तोंड पांढरं पडलंय. आमची मंडळी सरकारी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डला सिस्टर होती, ३१ वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली. मी पेशंट दारात सोडायचो आणि घरी आल्यावर तिला वर्णन सांगायचो. ती नावगाव कधी बोलली नाही. 'तुमचा तो निळ्या शर्टवाला' एवढं म्हणून काय निघालं ते सांगायची. ह्या पत्रातली अक्कल तिची आणि अक्षर माझं. दोन ठिकाणी तिने मला खोडायला लावलंय, ते पुढं येईलच.

चार-पाच वर्षं झाली असतील. रात्री साडेनऊच्या सुमारास पोवई नाक्यावर एक कॉलेजचा पोरगा आणि त्याचे मामा रिक्षात बसले. पोरगा पुढं वाकलेला, हात उजव्या बाजूला खाली. मामांचं तोंड चालूच होतं. 'काल दुपारी दोन प्लेट मिसळ हाणली, वर कट मागून घेतला, आता भोगा.' पहिल्या गतिरोधकावर पोरगा 'आई गं' म्हणून कळवळला. मला वाटलं मीच जोरात घेतला. दुसरा मी अंड्यांची पाटी नेतोय असा घेतला, तरी त्याने सीटची कड घट्ट धरली आणि कपाळावर घाम आला. मामा म्हणाले, 'नाटकं बघा साहेबांची.'

घरी जेवताना मी हे सांगितलं. तिने भाकरी तव्यावर तशीच ठेवून मला तीन प्रश्न विचारले. दुखणं आधी बेंबीपाशी होतं आणि मग उजवीकडे खाली सरकलं का? उलटी दुखायला लागल्यावर झाली की आधी? जेवायला मागतोय का? मी म्हटलं, बाई, मी भाडं विचारतो, उलटी विचारत नाही. ती म्हणाली, 'अपेंडिक्स असणार बघा.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेच होतं. पहाटे ऑपरेशन झालं. मामा वॉर्डाबाहेर बाकावर बसून होते म्हणे, मिसळीचं नाव काढत नव्हते.

पुढं एकदा एका तरुण सर्जन डॉक्टरांना मी घरी सोडत होतो. त्यांना हा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, काका, ह्यावर इंग्लंडमध्ये अभ्यास झालाय, २०१२ साली छापून आलाय. अपेंडिक्सच्या शंकेने आलेल्या १०१ पेशंटना त्यांनी विचारलं, येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणं वाढलं का? त्यातले ६४ जण गतिरोधकावरून आले होते. त्या ६४ पैकी ३४ जणांना खरोखर अपेंडिक्स निघाला, आणि त्या ३४ पैकी ३३ जण म्हणाले होते, हो, वाढलं. मी रिक्षा बाजूला घेऊन हे आकडे भाड्याच्या वहीत लिहून ठेवले. अजून आहेत. डॉक्टरांनी लगेच पुढचंही सांगितलं, की ज्यांना ज्यांना गतिरोधकावर दुखलं त्या सगळ्यांना अपेंडिक्स नव्हता. काहींना साधंच काहीतरी होतं, काहींच्या पोटात दुसरंच गंभीर निघालं. म्हणजे गतिरोधक काही डॉक्टर नव्हे. पण 'नाटकं' म्हणणाऱ्या मामांपेक्षा बरा.

असं का होतं ते हिने मला मच्छरदाणी दाखवून समजावलं. पोटाच्या आतून एक पातळ अस्तर असतं, सगळ्या आतड्यांना आणि पोटाच्या भिंतीला लागून. आतला एखादा भाग सुजला आणि ती सूज अस्तराला लागली, की अस्तर हुळहुळं होतं. मग दाबलं की दुखतं, हिसका बसला की दुखतं, खोकलं तरी दुखतं. कधी दाबताना जेवढं दुखतं त्याहून दाबलेला हात झटकन काढताना जास्त दुखतं. म्हणून डॉक्टर 'जरा खोका बघू' म्हणतात, टाचा उचलून आपटायला सांगतात.

आता माझं म्हणणं सांगतो. आपण सगळ्यालाच 'पोट दुखतंय' म्हणतो. खरं तर आपल्या मराठीत पोटाच्या दुखण्याला केवढे शब्द आहेत! मुरडा येतो, कळ येते, गुबारा धरतो, आग पडते, ठणका लागतो, गोळा उठतो. आजी-पणजीला हे सगळे वेगवेगळे माहीत होते. आणि एक आहे, 'पोटाला हात लावू देत नाही.' ह्या शेवटच्याला बाकीच्यांच्या ओळीत बसवू नका, एवढंच मला ह्या पत्रातून सांगायचंय. मुरडा आला तर माणूस स्वतःच पोट दाबून धरतो, त्याला दाबल्यावर बरं वाटतं. अस्तर सुजलेला माणूस स्वतःचं पांघरूणसुद्धा पोटावर घेत नाही.

आरशात हा फरक लख्ख दिसतो. मुतखड्याचा पेशंट एका जागी बसत नाही. सीटवर लोळतो, उठतो, दांडा धरून लोंबकळतो, 'दादा थांबवा' म्हणून खाली उतरतो, परत चढतो. कळ पाठीतून जांघेकडे जाते आणि लाटेसारखी येते-ओसरते. अपेंडिक्स किंवा आतडं फुटलेला माणूस ह्याच्या बरोब्बर उलट. दगडासारखा निश्चल. बोलतसुद्धा नाही, कारण बोलायला श्वास घ्यावा लागतो. नवीन रिक्षावाले लोळणाऱ्याला बघून घाबरतात आणि गाडी पळवतात. मी गप्प बसलेल्याला बघून घाबरतो.

ही भीती मला आमच्याच घरातून लागली. १९८४ चा पावसाळा. आमचं गाव मेढ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. मी चौदा वर्षांचा, धाकटा भाऊ बारा वर्षांचा. त्याचं पोट दुखायला लागलं. आजीने बघितलं, म्हणाली, बेंबी सरकली. शेजारच्या वाडीतून चोळणाऱ्या बाई आल्या. तेल लावून दोन वेळा पोट चोळलं. पोरगा इतका ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग एरंडेल पाजलं, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला. रात्रभर कण्हत होता. आणि पहाटे, संपादक महोदय, दुखणं थांबलं. पोरगा म्हणाला, आता बरं वाटतंय. आजीने देवाला साखर ठेवली. आईने आम्हां सगळ्यांना चहा केला. तो चहा मला अजून आठवतो, कारण चार घरची माणसं आमच्या ओट्यावर बसून हसत होती.

संध्याकाळी त्याचं पोट ढोलासारखं ताणलेलं, अंग तापलेलं, डोळे आत गेलेले. बैलगाडीने मेढा, तिथून एसटीने सातारा. पोटभर पू झाला होता. अपेंडिक्स फुटल्यावर आतला ताण जातो म्हणून घटकाभर आराम पडतो, हे मला लग्न झाल्यावर हिने सांगितलं. म्हणजे आम्ही चहा पीत होतो तेव्हा आत विष पसरत होतं. भाऊ वाचला. बावीस दिवस दवाखान्यात काढले, शाळेचं वर्ष गेलं, बेंबीखालचा व्रण अजून बोटाएवढा जाड आहे. आजीला मी दोष देत नाही. डोंगरात तिच्या हाताशी जे होतं ते तिने केलं. पण परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'बेंबी जागेवर आणण्याचा रामबाण उपाय' असा व्हिडिओ आला, पाठवणारा इंजिनिअर. त्याच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर दवाखाना आहे.

तर हात लावू न देणारं पोट चोळू नये, शेकू नये, जुलाबाचं औषध आणि एनिमा तर मुळीच देऊ नये. खायला-प्यायला थांबवावं, कारण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं लागतं. शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवावं. इथं मी लिहिलं होतं की, 'दुखण्याची गोळीही देऊ नये, नाहीतर डॉक्टरांना कळत नाही.' हिने ते खोडलं. म्हणाली, ते जुनं झालं. दवाखान्यात आता दुखणं कमी करण्याचं इंजेक्शन देऊनही नीट तपासता येतं, पेशंटला कळवळत ठेवायची गरज नसते. चूक आहे ती घरी गोळीवर गोळी घेऊन दोन दिवस ढकलण्यात.

अपेंडिक्सची जागा तिने मला माझ्याच पोटावर दाखवली. बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ह्यांत रेघ ओढा, हाडाकडून एक तृतीयांशावर बोट ठेवा. मॅकबर्नी नावाच्या अमेरिकन सर्जनने १८८९ साली ही जागा सांगितली, अजून तिला त्याचंच नाव आहे. पण सगळ्यांचा अपेंडिक्स तिथंच असतो असं नाही. कुणाचा आतड्यामागे दडलेला असतो, आणि दिवस भरत आलेल्या बाईचा वर ढकललेला असू शकतो.

बाकी जागांचं थोडक्यात. उजव्या फासळीखाली दुखतं, पाठीच्या फऱ्याकडे किंवा खांद्याकडे जातं आणि बहुधा लग्नाचं तेलकट जेवण झाल्यावर रात्री उठतं, ते पित्ताशयातले खडे. त्याच जागी दुखून बारीक ताप-थंडी असेल, भूक मेली असेल, तर यकृतात पू झालेला असू शकतो. आपल्याकडे आमांशाच्या जंतूमुळे तो होतो, दारू पिणाऱ्यांत जास्त. छातीखाली मधोमध सुरू होऊन आरपार पाठीत जाणारं, उलट्या न थांबणारं दुखणं स्वादुपिंडाचं असू शकतं, त्यामागेही खडे नाहीतर दारू. ओटीपोटात दुखून लघवीला जळजळ असेल तर लघवीचा संसर्ग. आणि म्हाताऱ्या माणसाचं ओटीपोट फुगून हात लावू देत नसेल तर आधी विचारा, बाबा, लघवी कधी झाली होती? प्रोस्टेट वाढून लघवी तुंबलेले किती आजोबा मी नेलेत. नळी घातल्यावर पाच मिनिटांत आशीर्वाद द्यायला लागतात.

गुडघेदुखीच्या गोळ्यांचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. आमच्याकडे शेतावर राबलेली माणसं मेडिकलमधून 'गुडघ्याची गोळी द्या' म्हणून पट्टीच्या पट्टी आणतात, उपाशीपोटी घेतात, वर्षानुवर्षं. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी जठराला जखम होते आणि एखाद्या दिवशी ती जखम आरपार जाते. असे एक मामा मी नेले होते. शेतात वाकले असताना कुणीतरी पोटात सुरा खुपसावा तसं झालं, म्हणाले. त्यांचं पोट शर्टावरून चुकून माझ्या हाताला लागलं. लाकडी फळी. माणसाचं पोट इतकं कडक होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. हिच्या वॉर्डात त्याला 'फळीसारखं पोट' असंच म्हणायचे, आणि तसं पोट आलं की चहा अर्धा टाकून सगळे उठायचे.

बायकांच्या बाबतीत ही फार चिडते. 'पाळीचं दुखणं' म्हटलं की सगळ्यांची चौकशी संपते. एक नवी नवरी, चेहरा कागदासारखा, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, उभी राहिली की चक्कर. सासूबाई शेजारी बसून म्हणत होत्या, आमच्या वेळी आम्ही असल्या दुखण्यात भारे वाहायचो. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. रक्त पोटात साठलं की खांद्यात दुखतं, हे मला तेव्हा कळलं. ती वाचली कारण दारातल्या सिस्टरने सासूला 'केसपेपर काढून आणा' म्हणून लांब पाठवलं आणि मग पोरीला हळूच विचारलं, पाळी चुकली आहे का. हे एकांतात विचारायला हवं. दुसरं, गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेतात. गर्भ पिशवीत आहे की नळीत, ते तपासल्याशिवाय ती गोळी घेणं म्हणजे जिवाशी खेळ. नळीतल्या गर्भाला ती गोळी लागू पडत नाही, आणि अंगावर गेलं की घरच्यांना वाटतं काम झालं. बीजांडकोशाला पीळ पडला तरी अचानक एका बाजूला जीवघेणं दुखतं, उलट्या होतात. ते लहान मुलींनाही होऊ शकतं.

पोरांची लाज वेगळी. एका नववीच्या मुलाला त्याचे वडील घेऊन निघाले होते, खाली पोटात दुखतंय म्हणून. मुलगा पाय फाकवून अवघडून बसलेला. मी आरशात बघितलं आणि काही बोललो नाही. आजही वाटतं, बोलायला हवं होतं. दुखणं अंडाला पीळ पडल्याचं होतं आणि त्याने आदल्या दिवसापासून सांगितलं नव्हतं. एक अंड काढावं लागलं. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा ते वाचतं. आयाबापांनी पोराला सरळ विचारावं, पोटातच दुखतंय की खाली पण दुखतंय? असंच जांघेतल्या हर्नियाचं. पुरुष माणसं वर्षानुवर्षं ती गाठ झोपून आत ढकलतात आणि कुणाला सांगत नाहीत. ज्या दिवशी ती आत जात नाही, दुखते, उलट्या होतात, त्या दिवशी वाट बघायची नसते. आतडं अडकून सडतं.

आता माझी स्वतःची चूक लिहितो. सात-आठ वर्षांपूर्वी सकाळी एक गृहस्थ बसले, साठीच्या आतबाहेर, बरोबर बायको. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतंय, मळमळतंय, घाम. म्हणाले, रात्रीच्या वड्यांचा गॅस झालाय, वाटेत सोडा मिळेल का? मी टपरीवर रिक्षा थांबवली, स्वतः उतरून सोड्याची बाटली आणली. त्यांनी घोट घोट पीत दहा मिनिटं घालवली. मी पैसेही घेतले नाहीत सोड्याचे, मोठा पुण्यवान. हार्ट अटॅक होता. पोट दाबल्यावर दुखत नव्हतं, मऊ होतं. दुखणं पोटाचं नव्हतंच. ते जगले, पण ती दहा मिनिटं माझ्या खात्यावर आहेत. तेव्हापासून चाळिशीपुढचा माणूस 'गॅस' म्हणाला आणि त्याला घाम असला, की मी सोड्याच्या टपरीपुढं हॉर्न वाजवत निघतो.

म्हणून हिचं दुसरं खोडणं. मी लिहिलं होतं, 'पोट मऊ असेल तर काळजी नको.' ती म्हणाली, हे छापलं तर माणसं मारशील. म्हाताऱ्यांचं आणि जुन्या साखरेच्या पेशंटचं पोट आत आग लागली तरी पुष्कळदा मऊच राहतं. ताप येत नाही, ओरडत नाहीत, नुसते मलूल होतात. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या म्हाताऱ्याला पोटात असह्य दुखतंय आणि हाताला काहीच लागत नाही, तर आतड्याचा रक्तपुरवठा बंद झालेला असू शकतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, उलट्या झाल्या आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर तो मण्यारीचा दंश समजून सरळ दवाखाना गाठावा. मण्यारीचे दात बारीक, खूण दिसतच नाही आणि पोट मऊ असतं. आमच्या डोंगरात असे लोक भगताकडे नेलेत मी बघितलेत, पोटात काही घातलं म्हणून.

पावसाळ्याचंच आणखी एक. डेंगीत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. पण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच, पोटात सारखं दुखणं किंवा पोट दाबल्यावर दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून-नाकातून रक्त, पोरगं गळून जाणं ही धोक्याची खूण आहे. तेव्हा प्लेटलेटचा आकडा आणि पपईची पानं ह्यांच्या मागे न पळता भरती व्हावं. आणि डेंगीच्या तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नये.

एवढं वाचून कुणी घाबरून रात्री-अपरात्री गॅसच्या कळेसाठी रिक्षा बोलावू नये. बहुतेक पोटदुखी बद्धकोष्ठ, अपचन नाहीतर साध्या जुलाबाची असते आणि आपली आपण जाते. आमच्या शेजारचा मुलगा जिमला लागला आणि तिसऱ्या दिवशी 'पोटाला हात लावला की दुखतं' म्हणत आला. हिने त्याला आडवं केलं, मान उचलायला लावली, मग परत दाबलं. मान उचलल्यावर जास्त दुखलं. म्हणाली, आतलं काही नाही, पोटाचा स्नायू धरलाय, आठ दिवस दंड-बैठका बंद. आमच्या चुलतीला एका बाजूच्या पट्ट्यात कपडा लागला तरी आग व्हायची. तीन दिवस सोनोग्राफी आणि कसले कसले रिपोर्ट झाले, चौथ्या दिवशी पुरळ उठलं. नागीण निघाली.

मग थांबायचं कुठवर? हिचं उत्तर असं. धडधाकट माणसाला अचानक जोराचं दुखायला लागलं आणि सहा तास झाले तरी हटत नाही, तर जुने सर्जन म्हणायचे, हे ऑपरेशनचं पोट समजून बघा. पण सहा तास थांबायलाच हवं असं नाही. पोट कडक आहे किंवा हात लावू देत नाही, उलटी हिरवी किंवा रक्ताची आहे, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, पोट फुगलंय आणि शौचही नाही नि वाराही सरत नाही, थंडी वाजून ताप आहे, डोळे पिवळे झालेत, भोवळ येतेय, बाई गरोदर आहे, ह्यातलं एकही असेल तर घड्याळ बघू नका. तान्हं बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय आणि शौचातून लाल जेलीसारखं पडतंय, तर त्याच घटकेला निघा. तिथं पोट चोळणं नको, आणि मेळघाटातून बातम्या येतात तसे तापल्या विळ्याचे चटके तर देवाशपथ नकोत. मोटरसायकलवरून पडल्यावर पोटाला हँडल लागलं असेल तर वरून खरचटलेलं नसलं तरी दाखवा, पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटून रक्त हळूहळू साठतं. मी असे दोन पोरगे नेलेत, दोघेही आधी घरी जाऊन जेवले होते. आणि महिनाभर अधूनमधून दुखतंय, वजन घटतंय, संध्याकाळी कणकण येते, असं असेल तर रात्री धावपळ नको, पण सकाळी ओपीडीत उभं राहा. आतड्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे.

पेशंट उभा राहू शकत नसेल, भोवळ येत असेल, छातीत-पोटात दुखून घाम असेल तर रिक्षा शोधू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, आत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. माझ्याकडे एक आरसा आणि पाण्याची बाटली आहे.

आपला,
एक रिक्षाचालक, सातारा
(नाव छापू नये. स्टँडवर पोरं 'डॉक्टर' म्हणायला लागतील.)

ता.क. : मूळ पत्रलेखकांना माझा पाठिंबा आहे. दवाखान्याच्या वाटेवरचे गतिरोधक काढा आणि खड्डे तर आधी बुजवा. तो कॉलेजचा पोरगा हल्ली नोकरीला लागलाय. परवा रिक्षात बसला आणि गतिरोधक आल्यावर स्वतःच म्हणाला, 'काका, जोरात घ्या आता.'